खटक्यावरचं इंग्रजी

इंग्रजी शब्द अख्खा गिळायचा नसतो, भाकरीसारखा मोडून खायचा असतो, असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांनी स्वतः एकही इंग्रजी शब्द अख्खा खाल्ला नाही आणि दुसऱ्या कुणाला खाऊ दिला नाही.

आमची शाळा सुरतेतल्या उधन्याची, मराठी माध्यमाची, सातवीपर्यंत. मी तिथं गणिताची बाई आणि ते इंग्रजीचे सर. गाव धुळ्याकडचं, अंगानं काटकुळे, बारा महिने एकाच फिक्या निळ्या सफारीत. पोरं त्यांना पाठीमागे ‘तुकडेसर’ म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं. "तुकडे करतो म्हणून तर पोट भरतं," असं म्हणून ते वर हसायचे.

त्यांच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत जाणं ही शिक्षा होती. रस्त्यात जेवढे म्हणून इंग्रजी बोर्ड, तेवढे सगळे ते मांडीवर बोट आपटत वाचणार. कापडाच्या ‘प्रोसेसर्स’चा बोर्ड "प्रोसे"पर्यंत वाचून मी पुढे निघाले, तर मला थांबवून, "प्रो... से... सर्स. बाई, ‘सर्स’ सोडून कुठं निघालात?" असं विचारणार. स्टाफरूममध्ये बिस्किटाचा पुडा फुटला की आधी वाचन व्हायचं, मग बिस्किट मिळायचं. तोवर चहा निवायचा. रागावले की मराठीसुद्धा मोडून बोलायचे. "मू... र्खा!" यातल्या ‘मू’ला पोरगं घाबरायचं आणि ‘र्खा’ येईपर्यंत पळून जायचं.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला म्हणाल्या, "बघायला आले तेव्हा हे माझं शिक्षण विचारत होते. ‘मॅ... ट्रिक?’ असं म्हणाले. मला वाटलं, मुलगा तोतरा आहे. आईला आत जाऊन सांगितलं, मला नाही करायचं. आई म्हणाली, नोकरी सरकारी आहे, तोतरा तर तोतरा."

या सगळ्याचं मूळ एका जाड डिक्शनरीत होतं. जुन्या बाजारातून आणलेली, पुठ्ठा निघालेली. तिच्यात प्रत्येक शब्दाच्या पोटात बारीक बारीक ठिपके होते. सरांनी त्यावरून ठरवलं की इंग्रज लोक ठिपक्याठिपक्याला श्वास घेतात. शिकवायला कुणी भेटलं नाही, ऐकायला रेडिओ, त्यात बातम्या देणारा भरधाव सुटलेला. त्यामुळे सरांनी डिक्शनरीवर भरवसा ठेवला. ते ठिपके छापखान्यासाठी असतात, ओळ संपली तर शब्द कुठं तोडायचा ते दाखवायला, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मी मोठ्या उत्साहानं त्यांना सांगायला गेले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मी काय वेगळं सांगतो? ओळ संपली की श्वासही संपतोच की." अशा माणसाशी गणिताच्या बाईनं वाद घालू नये.

शाळेतली सगळ्यात वाईट खोली त्यांनी स्वतः मागून घेतली होती. त्या खोलीची मागची भिंत आणि लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याची भिंत एकच. आत सकाळपासून लूम धडधडत. फळ्यावर खडू ठेवला तर तो आपोआप खाली सरकत येई. मी तिथं एकदाच अपूर्णांक शिकवले आणि घसा धरून बाहेर आले. पण भिंतीला अगदी लागून एक म्हातारं लूम होतं. त्याचा लाकडी धोटा, धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा, कडेला आपटला की असा ठसठशीत आवाज यायचा की बाकीच्या गोंगाटातूनही तो वेगळा काढता येई. खट्. खट्. खट्. सरांना तेच हवं होतं.

‘जिथं ठिपका, तिथं खटका’ हा त्यांचा मंत्र. पोरं बाकावर बसून भिंतीकडे कान लावायची आणि धोटा आपटला की एक तुकडा सोडायची. "अम्!" खट्. "ब्रे!" खट्. "ला!" मग त्याच तालावर स्पेलिंग, एका खटक्यात एक तुकडा. आईबाप ज्या आवाजात दिवसभर उभे, त्याच आवाजात पोरं वाढलेली. त्यांना तो वेगळा ऐकावा लागत नव्हता. ‘हॉस्पिटल’ म्हणताना चौथीपाचवीतलं पोरगं कधी अडखळलं नाही. ते ऐकून विलायतेतल्या माणसाला हॉस्पिटल सापडलं असतं का, हे मला माहीत नाही. पण विलायतेतला माणूस उधन्याला येणारही नव्हता.

पाचवीच्या पोरांना तो वेग झेपत नाही, असं एकदा सरांच्या लक्षात आलं. दुसरा माणूस असता तर त्यानं पद्धत बदलली असती. हे सरळ कारखान्याच्या सेठकडे गेले आणि दुपारच्या तासाला भिंतीलगतचं लूम जरा हळू चालवता येईल का, असं विचारलं. मी बरोबर होते, म्हणून सांगते. सेठनं पानाचा तोबरा एका गालात सारला आणि म्हणाला, "मास्तर, मारे कापड वेचवानुं छे, अंग्रेजी नहीं." सर परत येताना म्हणाले, "माणूस चांगला आहे. नाही म्हणाला, पण हसून म्हणाला."

प्लेगच्या वर्षी सगळं सुरत पळालं तेव्हाचं आठवतं. खानदेशातून आलेल्या कामगारांची आमची वस्ती दोन दिवसांत रिकामी झाली. जो तो मिळेल त्या गाडीनं खानदेशाकडे. जे राहिले ते औषधाच्या दुकानासमोर रांगेत. साऱ्या शहराच्या तोंडी तेव्हा एकच इंग्रजी शब्द होता, प्लेगवरच्या गोळीचं नाव, आणि तो कुणालाच नीट येत नव्हता. जीव मुठीत धरून उभी असलेली माणसं काउंटरपाशी पोचली की नेमकी शब्दापाशी अडकायची. तोंडावर रुमाल बांधलेले आमचे सर रांगेच्या कडेला उभे राहून छत्रीनं फरशीवर ठोके देत होते. "टे! ट्रा! साय! क्लिन! घाबरू नका, मोडून म्हणा!" आणि रांगेतली म्हातारी माणसं रुमालाआडून म्हणत होती. दुकानदारानं शेवटी हात जोडले. गोळ्या केव्हाच संपल्या होत्या. पण शब्द सगळ्यांना येऊ लागला होता, याचं समाधान घेऊन सर घरी गेले.

सुट्टीनंतर शाळा उघडली. माणसं परतत होती, पण कारखाना अजून बंद होता. सरांनी फळ्यावर शब्द लिहिला आणि वर्ग गप्प. ज्यांना येत होतं ती हुशार पोरंसुद्धा भिंतीकडे बघत बसलेली. तेव्हा पहिल्यांदा आमच्या लक्षात आलं की या वर्गाचं इंग्रजी विजेवर चालतं. लूम बंद, इंग्रजी बंद. आठवड्यातून एक दिवस, बुधवारी, कारखान्यांची वीज बंद असे, आणि सरांनी वेळापत्रकात बुधवारी इंग्रजी वाचन कधीच का ठेवलं नाही, तेही मला तेव्हाच कळलं. मी विचारलं तर म्हणाले, "बुधवारी आमच्या इंग्रजीचा उपास असतो."

हे असंच चाललं असतं. पण रस्त्यापलीकडे, फरसाणाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक इंग्रजी शाळा उघडली. एका संतांच्या नावाची. ते संत कोण हे शाळेतल्या मॅडमनासुद्धा ठाऊक नव्हतं. पोरांना टाय, बूट आणि गळ्यात पाण्याची बाटली. सकाळी सगळी एका सुरात ‘गुड मॉर्निंग मिस’ म्हणायची, ते खालच्या फाफड्याच्या कढईपर्यंत ऐकू यायचं. बस, एवढ्यावर आमचे पालक पाघळले. रोज कुणी ना कुणी पोरांचा दाखला मागायला येऊ लागलं.

आमच्या मुख्याध्यापकांचा एकच देव होता, पटसंख्या. त्यांनी सरांना ऑफिसात बोलावून सांगितलं, "सर, आणखी दोनचार पोरं गेली तर सातवीची एक तुकडी बंद होईल. मग तुम्ही फाजल." फाजल म्हणजे जास्तीचा शिक्षक. त्याला उचलून जिल्ह्यात कुठंही टाकतात. ज्या शाळेत जातो ती त्याला पाहुणा समजते आणि ज्या शाळेतून आला ती विसरून जाते. सरांची निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. बाहेर येऊन ते माझ्याजवळ बसले. त्या दिवशी त्यांनी बिस्किटाचा पुडासुद्धा वाचला नाही. "बाई," ते म्हणाले, "माणसानं पिकून पडावं. झोडून पाडू नये हो कुणी." असा पडेल चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, आणि मला फार वाईट वाटलं.

सरांचं पद ठेवायचं की नाही हे बघायला तालुक्याचे साहेब येणार, असं कळलं. दिवस ठरला गुरुवार. सरांनी पोरांची तयारी करून घेतली. भिंत होती, लूम होतं, पोरं होती. काळजी करण्यासारखं काही नव्हतं. आणि साहेब आले बुधवारी. गुरुवारी त्यांच्या घरी जेवणावळ निघाली होती.

आणखी एक गोष्ट बुधवारचीच. कारखाना बंद असला की घरचा माणूस घरी, म्हणून बायका शाळेची कामं त्याच दिवशी काढत. सातवीत एकाच वर्गात बसणाऱ्या, वर्षाच्या अंतराच्या दोन बहिणींची आई नेमकी तेव्हाच माझ्यासमोर उभी होती. साड्यांना टिकल्या लावून तिची बोटं खरखरीत झालेली. ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "बाई, माले दाखला द्या. पोरीस्ले तठे विंग्रजी शाळामा टाकनं शे. तठे टाय शे, बूट शे. अठे काय शे?" मी म्हटलं, साहेब जाऊ देत, मग देते. तिला घेऊन मी वर्गाच्या दाराशी थांबले. या दोघी गेल्या की तुकडी गेली, हे मला माहीत होतं आणि सरांनाही माहीत होतं.

साहेब गुजराती, गोल चेहऱ्याचे, स्वभावानं मऊ. खुर्चीत बसले आणि पोरांकडून काहीतरी वाचून घ्या, अशा अर्थी सरांना म्हणाले, "चालो, कंई वंचावो."

सर म्हणाले, "साहेब, आज नको. आज वीज नाही."

साहेबांनी वर पाहिलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. "मास्तर, पंखो तो फरे छे!"

शाळेला वीज असते, कारखान्याला नसते, आणि इंग्रजी कारखान्याच्या विजेवर चालतं, हे साहेबांना समजावून सांगणं कुणाच्या बापाला जमलं असतं? सर नुसते हात हलवत राहिले. साहेबांना गंमत वाटली. त्यांनी स्वतः उठून फळ्यावर इंग्रजीत ‘इलेक्ट्रिसिटी’ लिहिलं. "वीज नथी ने? तो लो, ए ज वांचो!"

दोघींतली थोरली उभी राहिली. तिनं शब्द पाहिला, त्याचे तुकडे केले असणार, कारण तिचे ओठ हलले. मग ती भिंतीकडे तोंड करून थांबली. सगळा वर्ग भिंतीकडे वळला. ते पाहून साहेबही भिंतीकडे बघू लागले. मुख्याध्यापक बघू लागले. भिंत गप्प होती. माझ्या शेजारी उभी असलेली आई म्हणाली, "मनी पोरले काहीच येत नही का मंग?"

ते सरांनी ऐकलं. ते बाकांच्या मधून मागच्या भिंतीपाशी गेले, तिला पाठ लावून उभे राहिले आणि कमरेतून पुढे वाकले. "खट्!" मागे गेले. "खट्!" डुलत डुलत, हात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असा तो पिकल्या केसांचा माणूस साहेबांच्या देखत लूम चालवू लागला. आवाज हुबेहूब. इतकी वर्षं भिंतीला कान लावून बसल्याचं फळ होतं ते.

"इ!" पोरगी म्हणाली. खट्. "लेक!" खट्. "ट्रि!" खट्. आणि ‘सि’ला सगळा वर्ग तिच्यात मिसळला. शब्द झाला, लगेच स्पेलिंग झालं. साहेब खूश. त्यांनी दुसरा लांबलचक शब्द लिहिला. तो झाला. "हजी एक!" मास्तर खट् खट् करताहेत, पोरं ओरडताहेत, आणि साहेब नवसाचा तमाशा बघितल्यासारखे फळा भरताहेत. सरांचा सफारी पाठीला चिकटला, आवाज फाटला, पण लूम थांबलं नाही. साहेबांचे शब्द संपले तेव्हाच ते थांबलं.

दाराशी उभी आई आधी तोंडाला पदर लावून हसत होती. मग तिचं हसणं थांबलं. ती मला म्हणाली, "बाई, हाऊ माणूस मन्या पोरीस्नासाठे लूम व्हयना. तठली मॅडम तं खुर्चीवरथीन उठत बी नही. दाखला ऱ्हाऊ द्या." आणि तशीच निघून गेली.

पद राहिलं. साहेबांनी शेरा लिहिला, तो मुख्याध्यापकांनी आम्हाला पेढे वाटत वाचून दाखवला. इंग्रजी उत्तम. शिक्षक कष्टाळू. मात्र शेजारच्या कारखान्याच्या आवाजाने मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येतो, सबब सदर वर्ग खास बाब म्हणून पुढच्या बाजूच्या शांत, नव्या खोलीत हलवावा. मुख्याध्यापकांना आनंद मावत नव्हता. खास बाब म्हणून आमच्या शाळेला आजवर एक घागरही मिळाली नव्हती. सर मात्र पेढा हातात धरून बसले होते.

त्यांनी जुनी खोली परत मागितली. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, साहेबांनी दिलेली शांतता परत कशी करायची?" झालं. सरकारनं एखाद्याचं भलं करायचं ठरवलं की त्याला कुणी वाचवू शकत नाही.

नव्या खोलीत मोठ्या खिडक्या होत्या आणि चिमण्यांचा आवाज ऐकू येई. तिथं सर प्रत्येक तासाला तोंडानं लूम चालवू लागले. थोड्याच दिवसांत आवाज बसला. स्टाफरूममध्ये खुणांनी बोलायला लागले. मी म्हटलं, सर, सोडा आता हे. पोरं वाचतील नुसती. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

एका बुधवारी त्या दोघींची आई पुन्हा आली. मला वाटलं, आता नेते दाखला. तिनं पदराखालून एक जुना धोटा काढला, टोकाची पट्टी झिजलेला, कारखान्यानं टाकून दिलेला. त्याच भिंतीलगतच्या लूमचा होता. तिच्याच घरचा माणूस ते चालवत असे. सरांच्या टेबलावर तो ठेवून ती म्हणाली, "सर, घसा फाडू नका. हाऊ आपटा." सरांनी तो टेबलावर आपटून पाहिला. खट्. सगळा वर्ग आपोआप ताठ बसला. त्या दिवशी सरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बुधवारचा उपास कायमचा सुटला.

नव्वदचं दशक संपता संपता सर निवृत्त झाले. निरोपसमारंभ त्याच शांत खोलीत. साहेब तोवर वर चढले होते, त्यांनाच अध्यक्ष म्हणून बोलावलं. शाल, श्रीफळ झालं. मुख्याध्यापकांनी हौसेनं इंग्रजीत मानपत्र छापून आणलं होतं, आणि ते वाचायचं काम अध्यक्षांकडे आलं. साहेबांनी चष्मा लावला. पहिली ओळ बरी गेली. दुसरीत ते म्हणाले, "ऑन हिज सुपर..." आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "सुपर..." मुख्याध्यापक मदतीला वाकले, कागदाकडे पाहिलं आणि हळूच सरळ झाले. माझ्याकडे बघू लागले. मी गणिताची. मागच्या बाकांवर जुनी पोरं खुसखुसायला लागली.

सर गळ्यात हार घालून खुर्चीत बसले होते. मांडीवर नारळ. पायाशी त्यांची पिशवी. त्यांनी खाली वाकून पिशवीतून धोटा काढला आणि खुर्चीच्या हातावर आपटला.

खट्. "सु," साहेब म्हणाले. खट्. "पर." खट्. "अ‍ॅन." खट्. "यु." खट्. "ए." खट्. "शन."

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब खूश होऊन स्वतःही टाळ्या वाजवू लागले. मला मात्र वाजवता आल्या नाहीत. त्या शब्दाचा अर्थ आमच्यात सरांना सगळ्यात नीट ठाऊक होता. सेवानिवृत्ती, म्हणजे वय झालं, आता घरी जा, एवढाच त्याचा अर्थ. तो त्यांनी साहेबांकडून तुकड्यातुकड्यानं म्हणवून घेतला, एकही खटका न चुकवता.

रिक्षात बसवताना मी त्यांना म्हटलं, "सर, अडकू द्यायचं होतं की त्यांना. खोली कुणी हलवली होती?"

सरांनी नारळ वहिनींकडे दिला आणि धोटा मात्र स्वतःजवळ ठेवला. "अडकलेला शब्द बघवत नाही, बाई," ते म्हणाले. "आणि पिकून पडलो की नाही शेवटी?"